दारातला तिसरा प्रश्न

साथीमुळे बंद पडलेलं नाट्यगृह साडेसात महिन्यांनी उघडणार होतं, त्या दिवशी नाकोजी सकाळी आठलाच दारात हजर झाले. प्रयोग दुपारी तीनचा. सात तास आधी येऊन करायचं काय, असं कोणी विचारलं असतं तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. पण विचारायला तरी कोण होतं? साडेसात महिने त्या दारात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

नाकोजी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते या नाट्यगृहाचे डोअरकीपर. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, रडणारं पोर आईसकट अदबीने बाहेर आणायचं, हे त्यांचं काम. पण वीस वर्षांपूर्वी भर प्रयोगात ते दार सोडून तडक रंगमंचामागे गेले आणि म्हणाले, "वायर जळतेय." कोणालाच वास आला नव्हता. सगळे हसले. फळी उघडून बघतात तो आत वायर निखाऱ्यासारखी लाल झालेली! त्या दिवसापासून त्यांचं नाव नाकोजी पडलं आणि त्या नाट्यगृहात एक रीतही पडली. प्रयोगाआधी नाकोजींनी नाक वर करून सगळीकडे एक फेरी मारायची, पडदा, विंगा, कपड्यांची खोली, दिव्यांची खोली, आणि शेवटी म्हणायचं, "शुद्ध आहे." तो शब्द आल्याशिवाय घंटा द्यायची नाही. मोठमोठे नट घाम पुसत वाट बघत उभे राहायचे. देव कोणाला गळा देतो, कोणाला रूप देतो. नाकोजींना त्याने नाक दिलं होतं, आणि ते त्यांनी वीस वर्षं प्रामाणिकपणे वापरलं होतं.

बाकी त्यांना दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. टाळेबंदीत दूधवाला पिशवी ठेवून दार वाजवायचा आणि नाकोजी दार उघडेपर्यंत दोन जिने खाली पोचलेला असायचा. फक्त पावलं ऐकू यायची. चौथ्या महिन्यात एकदा खिडकीच्या कठड्यावर कबूतर येऊन बसलं. नाकोजी सवयीने त्याला म्हणाले, "तिकीट?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. आवाज गंजला होता. नळ पुष्कळ दिवसांनी सोडला की आधी तांबूस पाणी येतं ना, तसा.

नऊ वाजता ताईचा फोन आला. पाच वर्षांनी मोठी बहीण, दोन गावं पलीकडे मुलाकडे राहायची. रोज नऊचा तिचा नेम.

"बाळ्या, खाल्लंस का काही?"

बासष्ट वर्षांचा बाळ्या नाट्यगृहाच्या पायरीवर बसून म्हणाला, "खाल्लं."

"काय खाल्लंस?"

नाकोजींना पटकन आठवेना. "काहीतरी पाव-बिव. चव नाही लागत गं ताई हल्ली. चार दिवस झाले, सगळं नुसतं पिठासारखं लागतं."

"एकट्याने खाल्लं की चव लागतच नाही! म्हणून म्हणते, इकडे ये. सून चार शब्द बोलेल, पण पोटभर वाढेल."

"आज नाट्यगृह उघडतंय, ताई."

"हो, तुझं लग्न त्या दाराशीच लागलंय! मरू दे. मास्क नाकाच्या वर घे. तुझं नाक मोठं आहे, ते सारखं बाहेर डोकावतं."

नाकोजी खूप दिवसांनी हसले. एकट्याने खाल्लं की चव लागत नाही, हे त्यांना अगदी पटलं. साडेसात महिन्यांत तसं पुष्कळ काही बेचव झालं होतं.

दहाला मॅनेजर आला, त्याच्या मागून लाइटवाला. गेले दोन दिवस, नटांची तालीम सोडली तर, हे तिघंच आत राबत होते. एक सोडून एक खुर्चीवर लाल फीत बांधायची होती, म्हणजे त्या खुर्चीवर कोणी बसणार नाही. लाइटवाला रांगेच्या त्या टोकाला, नाकोजी या टोकाला. नाकोजींना प्रत्येक खुर्ची माहीत होती. कोणती कुरकुरते, कोणाची गादी बसलीय. फीत बांधताना ते मनात म्हणायचे, थोडे दिवस हं, बाई.

जेवायलाही दोघं रंगमंचाच्या दोन कडांना बसले होते.

"नाकोजी," लाइटवाला तिथून ओरडला होता, "इतक्या लांबून जेवताना घाससुद्धा ओरडून गिळावा लागतो!"

"हळू बोल, तोंडातलं माझ्या ताटात येईल."

"येऊ दे. तेवढीच सोबत!"

लाइटवाल्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. नव्या नियमानुसार प्रयोग चालू असताना सगळी दारं उघडी ठेवायची होती, हवा खेळती राहावी म्हणून. "भर दुपारी दारं उघडी!" तो कपाळाला हात लावून म्हणायचा. "अहो, अंधारच नसेल तर माझा उजेड दिसायचा कुणाला?"

मॅनेजरने नियमांचा मोठा फलक दारावर लावला. मास्क, अंतर, हात धुणं, मध्यंतरात घोळका नाही. आणि खाली ठळक अक्षरांत: दारात प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले जातील. ताप आहे का? खोकला आहे का? वास येतो का? एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर त्या माणसाला परत पाठवायचं.

"काका, विचारायचं काम तुमचं," मॅनेजर म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता, फक्त खूप दिवस झोपला नव्हता. "आजचा दिवस नीट गेला तर दर रविवारी प्रयोग. पण इथून कोणी आजार घेऊन घरी गेलं, तर संपलं. मालकांना इथे गोदाम करायचंय. ते निमित्तच शोधतायत."

नाकोजींनी मान डोलावली. गोदामाला डोअरकीपर लागत नाही. गोदामात कोणी "तिसरी रांग कुठे हो?" असं विचारत नाही. हे दार मिटलं तर पुढची सगळी वर्षं ती खिडकी आणि समोरची भिंत. म्हणजे आज या दारातून नुसती माणसं आत जाणार नव्हती. नाकोजींचं उरलेलं आयुष्य जाणार होतं.

दीड वाजता ते फेरीला निघाले. नाक वर, हात मागे. पडदा, विंगा, कपड्यांची खोली. दिव्यांच्या खोलीत डोळे मिटून दोन मिनिटं थांबले. रीत ती रीत. बाहेर येऊन त्यांनी घसा साफ केला आणि साडेसात महिन्यांनी तो शब्द उच्चारला, "शुद्ध आहे!"

त्यांच्या मागोमाग लाइटवाला आत गेला आणि खोकत बाहेर आला.

"शुद्ध? अहो नाकोजी, माझ्या डोळ्यांतून धारा लागल्यात!"

दोघं आत गेले. एका दिव्यापुढे लावलेला रंगीत प्लॅस्टिकचा कागद घसरून तापलेल्या बल्बला चिकटला होता आणि त्यातून काळा धूर निघत होता. नाकोजींना धूर दिसत होता. कागद आकसताना दिसत होता. वास मात्र कुठेच नव्हता.

"मास्क जाड आहे," ते म्हणाले.

"मीही तोच घातलाय की." लाइटवाल्याने दिवा बंद केला आणि हसत हसत कागद चिमट्याने ओढून काढला. "साडेसात महिन्यांत नाक गंजलं वाटतं तुमचं! तेल घाला थोडं." आणि तो शिडी घ्यायला निघून गेला.

नाकोजी कपड्यांच्या खोलीत गेले. दार लावलं, मास्क काढला. डांबरगोळ्यांची पुडी नाकाशी धरली. काही नाही. कोपऱ्यातल्या फिनेलच्या बाटलीचं बूच उघडलं. काही नाही. दाढी चिकटवायच्या गोंदाचा डबा होता, ज्याच्या वासाने राजाचं काम करणारे धट्टेकट्टे नटसुद्धा रडायचे. तो त्यांनी अगदी नाकात घातला. गार लागला, एवढंच. मग कपाळाला धरायचं ते तापमापक यंत्र स्वतःलाच लावलं. ताप नव्हता. खोकला नव्हता. अंगात चांगली ताकद होती. फक्त जग काचेपलीकडे गेलं होतं.

चार दिवसांपासून पाव पिठासारखा का लागत होता, ते आता त्यांना कळलं. ताईला वाटलं एकटेपणा. त्यांनाही तेच वाटलं. एकटेपणाची इतकी सवय झाली होती की आजारपण आलं तरी ते त्याच्याच खाती टाकलं.

ते राजाच्या लाकडी खुर्चीवर बसले. "देवा," ते हळूच म्हणाले, "आजच? अरे, एक रविवार दे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जातो, तू म्हणशील तिथे जातो." देव गप्प होता. देव गप्प बसला की मन बोलायला लागतं, आणि मनासारखा वकील नाही. मन म्हणालं, दार बाहेर आहे, मोकळ्या हवेत. मास्क आहे. हात लांब ठेव. आत पाऊलच टाकू नकोस. कोणाला कळणार आहे? वास येत नाही हे काय कपाळावर लिहिलेलं असतं?

नाकोजी उठले, मास्क चढवला आणि दारात जाऊन उभे राहिले.

अडीचला माणसं यायला लागली. जमिनीवर चुन्याने आखलेल्या गोलांत एकेक जण उभा. नटूनथटून आलेली, पण दबकत, जणू दवाखान्यात आलीत. पहिलं एक जोडपं होतं.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

तिसरा प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच अडला. "या, आत या," नाकोजी म्हणाले. त्यांच्यामागून दोघं भाऊ, मग एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. सहा माणसं आत गेली. सहाही जणांना दोनच प्रश्न.

सातव्या बाई होत्या.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. सगळं नाट्यगृह त्यांना नुसतं बाईच म्हणायचं. अठरा वर्षं त्या रविवारी दुपारी एकट्या यायच्या, तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसायच्या. खुर्ची त्यांना डोळे मिटून सापडली असती, तरी नाकोजी बॅटरी घेऊन पुढे व्हायचे आणि त्याही ऐटीत मागून चालायच्या. दर रविवारी दोघांत चार-पाच वाक्यं. एवढीच ओळख. पण नाकोजींनी मोजली असती तर अख्ख्या आयुष्यात ताईखालोखाल सगळ्यात जास्त वाक्यं ते बाईंशीच बोलले होते.

"आहात ना, नाकोजी?"

"आहे, बाई."

"वाळलात हो."

"मास्कमुळे तसं वाटतं."

"मास्क तोंडावर असतो, पोटावर नाही." बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली. "साडेसात महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंय. घरात चौघं आहोत, पण सगळ्यांच्या कानात काहीतरी खुपसलेलं. मी बोलते ते भिंत ऐकते. सूनबाई म्हणाली, आई, गर्दीत जाऊ नका. मी म्हटलं, दारात आमचे नाकोजी असतात. वाईट असलेलं ते आत जाऊ देत नाहीत."

नाकोजींनी मास्क उगीचच आणखी वर ओढला.

"चला, विचारा. पाठ करून आलेय. ताप नाही, खोकला नाही." बाईंनी फलकाकडे बोट केलं. "आणि तिसरा? फलकावर तीन आहेत. त्या सहा जणांना तुम्ही दोनदोनच विचारलेत. मी मोजत होते. वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं."

मागच्या गोलातलं कोणीतरी हसलं. नाकोजींना हसू आलं नाही. समोर एक बाई उभी होती, सत्तरीची, इस्त्री केलेल्या साडीत, आणि ती त्यांच्या नाकाच्या भरवशावर घराबाहेर पडली होती. दाराचं काम दोन प्रकारचं असतं बघा. उघडलं की सगळे हसून बघतात, लावलं की सगळे शिव्या घालतात. पण दार बांधतात ते लावण्यासाठीच. नुसतं उघडंच ठेवायचं असतं तर भिंतीला भोक पुरलं असतं.

नाकोजी दोन पावलं मागे सरले. मग आणखी एक.

"बाई, तिसरा प्रश्न तुम्ही मला विचारा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले होते त्यांनी. आवाज एकदम खाली आला.

"वास येतो का?"

"नाही."

"कधीपासून?"

"कळलं आज दुपारी. पण चार दिवस झाले असतील."

बाई ओरडल्या नाहीत, मागे उडाल्याही नाहीत. त्यांनी मागच्या माणसांकडे वळून, शाळा सुटल्यावर सांगतात तशा आवाजात सांगितलं, "गडबड करू नका. मागचे आधी मागे जा."

मॅनेजर धावत आला. नाकोजींनी लांबूनच हात वर करून त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. मॅनेजरने रांगेकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं.

"काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे प्रयोग झाल्यावर सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," नाकोजी म्हणाले. "तेच करणार होतो."

"आज कुठे कुठे फिरलात?"

"सगळीकडे. शुद्ध आहे का बघत."

मॅनेजर पायरीवर मटकन बसला. मग उठला आणि आत जाऊन सहा माणसांना, नटांना, सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. तिकिटं पुढे चालतील, माफ करा, घरी काळजी घ्या. माणसं चुन्याचे गोल तुडवत पांगली. त्यातला एक भाऊ जाता जाता म्हणाला, "राखणदारच घरभेद्या!" नाकोजींनी ते ऐकून घेतलं. चुकीचं काय होतं त्यात?

सगळ्यात शेवटी लाइटवाला आला. त्याला मॅनेजरने सांगितलं होतं की आता चौदा दिवस त्यालाही वेगळं राहावं लागेल. त्याने थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

"माझी आई घरी आहे," तो म्हणाला. "तिला दमा आहे. काल तिच्या शेजारी बसून जेवलो मी. मला सकाळी तरी सांगायचंत."

"सकाळी मलाच माहीत नव्हतं रे."

"दीड वाजता तर होतं!"

लाइटवाला सायकल घेऊन निघून गेला. वळणावर रोज हात हलवायचा. आज हलवला नाही. नाकोजी मनातल्या मनात त्याच्या आईसाठी देवासमोर पदर पसरावा तसे हात पसरून उभे राहिले. स्वतःसाठी मागायचं त्यांना सुचलंच नाही.

मॅनेजरने दाराला कुलूप लावलं. फलक तसाच राहिला. "डॉक्टरला फोन केलाय," तो लांबून म्हणाला, "उद्या सकाळी तुमच्या खोलीवर येतील. थेट घरी जा. बसने जाऊ नका." आणि मालकांचा फोन वाजला म्हणून बोलत बोलत दूर गेला.

रस्ता रिकामा झाला. नाकोजी बंद तिकीटखिडकीपाशी उभे होते. घरी जायचं होतं, पण पाय निघेना. खोलीत गेल्यावर चौदा दिवस दाराबाहेर फक्त पावलं.

"नाकोजी!"

रस्त्यापलीकडे बसथांब्याच्या बाकावर बाई बसल्या होत्या. रविवारची बस, आली तर आली.

"नाटक पाहिलंत का तुम्ही?"

"काल तालीम झाली. दारातून पाहिली."

"मग सांगा की! एवढी साडी नेसून आलेय ती काय परत घडी घालून ठेवायला?"

"इथून? ओरडावं लागेल!"

"ओरडा! कोण आहे ऐकायला?"

नाकोजींनी इकडेतिकडे पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. मधे पूर्ण रस्ता, नियमापेक्षा कितीतरी जास्त अंतर. त्यांनी मास्क नीट केला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा दाराकडे पाठ करून नाटक सांगायला सुरुवात केली. "एक म्हातारा असतो! तो बहिरा झाल्याचं सोंग घेतो! म्हणजे मुलं त्याच्यासमोर खरं बोलतील!"

"मग?"

"मग मुलं बोलतात! पण वाईट नाही बोलत! काहीच नाही बोलत! त्याच्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे काही नसतंच!"

बाई पलीकडून काहीतरी म्हणाल्या. एक ट्रक गेला, ऐकू आलं नाही. नाकोजींनी म्हाताऱ्याची चाल करून दाखवली, कानाला हात लावून दाखवला. बाई हसत होत्या की पदराने घाम पुसत होत्या, एवढ्या लांबून कळत नव्हतं. नाकोजींचा आवाज आता चांगलाच मोकळा झाला होता. "आणि पहिल्या अंकाच्या शेवटी," ते ओरडले, "धाकटी मुलगी एकटी त्याच्याजवळ येऊन बसते, आणि त्याला ऐकू येत नाही असं समजून म्हणते की…"

बस आली आणि मधे उभी राहिली. दार उघडल्याचा आवाज, मिटल्याचा आवाज. बस निघून गेली. बाक रिकामा होता.

"…की बाबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं," नाकोजींनी वाक्य पूर्ण केलं.

मग माणसं नसलेली बाजू बघून ते घराकडे चालू लागले. समोरून कोणी आलं की फुटपाथवरून खाली उतरायचे, ते गेलं की पुन्हा वर चढायचे.